चि. माईस, फोडीसकट

पूर्णा, १२ जून

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा तू बोलता बोलता फोन ठेवलास. मी दोनदा लावला, तू उचलला नाहीस, म्हणून लिहायला बसलो. मृग लागून पाच दिवस झाले, आभाळ नुसतं भरून येतंय आणि जातंय. आई समोर शेंगा फोडत बसली आहे. डोळ्यांबद्दल फार लिहायचं नाही, लेकराला आणखी घोर लावायचा नाही, असं तिच्यापाशी कबूल करून पेन हातात घेतलंय.

तुझा राग खरा आहे. होळीच्या आधीच्या रविवारी मी जे शब्दकोडं पाठवलं, त्यात सहा आडवा क्लू असा होता: 'खिडकीत बसते ती, मग थेंब, डोळ्यात शिरलेला चोर (४)'. दोन मिनिटांत तुझं उत्तर आलं, फोडीसकट, म्हणजे ते कसं जमतं त्यासकट. काच अधिक बिंदू, काचबिंदू; शेवटचे तीन शब्द म्हणजे अर्थ. खाली 'सोप्पं होतं अप्पा' आणि एक अंगठा. तो अंगठा बघत मी बराच वेळ ओट्यावर बसून राहिलो. चोर कुणाच्या डोळ्यात शिरलाय हे मी लिहिलंच नव्हतं, तू ओळखणार कशी? आणि मला काचबिंदू झालाय हे तीन महिन्यांनी सुधामावशीच्या तोंडून ऐकावं लागलं तुला. 'ही काय सांगायची रीत झाली, कोड्यात कशाला बोलता' म्हणालीस, त्यावर मला तेव्हा काही बोलता आलं नाही.

मला वाटलं होतं मी अरौकेरियासारखं करतोय. आठवतात ना ते? खरं नाव जॉन ग्रॅहॅम, पाद्री, १९५८ पासून इंग्लंडच्या गार्डियन पेपरला कोडी रचत होते. जानेवारी २०१३ मध्ये त्यांच्या एका कोड्याच्या वर ओळ छापून आली: अरौकेरियाला १८ हा १९ चा आहे आणि त्यावर १३-१५ चालू आहे. लोकांनी पेन्सिल घेऊन घरं भरली, तेव्हा १८ कॅन्सर निघाला, १९ अन्ननलिका, आणि १३-१५ म्हणजे रोग बरा करण्याऐवजी दुखणं सुसह्य करणारी शुश्रूषा. एक्क्याण्णव वर्षांचा माणूस. त्याच वर्षी नोव्हेंबरात गेले. तू बारावीत होतीस, आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी मी तुला ते पान प्रिंट काढून आणायला सायबर कॅफेत पिटाळलं होतं.

पण त्यांनी ओळीच्या सुरुवातीलाच आपलं नाव लिहिलं होतं. वाचणाऱ्याला पहिल्या शब्दापासून ठाऊक होतं की हे कुणाचं चाललंय. मी नाव लिहिलं नाही. जुना इंग्रज कोडेकार आफ्रिट, त्याचा नियम मीच तुझ्याकडून पाठ करून घेतला होता: रचणारा जे म्हणतो ते त्याला म्हणायचं नसलं तरी चालेल, पण जे म्हणायचं आहे ते त्यानं म्हटलेलं असलंच पाहिजे. तो मी मोडला, आणि तोही तुझ्याशी. भीती वाटली गं. सांगितलं की खरं होतं असं काहीतरी मनात होतं. माफ कर.

आता तुझ्याबद्दल. फोनवर मी विचारलं, डोकं अजून दुखतं का, तर तू म्हणालीस, दुखतं, स्क्रीनमुळं असेल. हे उत्तर घरात बसतं, मान्य. पण त्याची फोड कुठाय?

तू नऊ वर्षांची होतीस तेव्हा क्वार्टरच्या ओट्यावर मी तुझ्यासाठी पहिला मराठी क्लू रचला. तोवर तू मला हिंदू या इंग्रजी पेपरचं कोडं सोडवताना नुसती बघायचीस. छोटी लाइन असल्यापासून गार्डसाहेब हैदराबादकडच्या गाडीनं तो पेपर आणून बुकिंगच्या खिडकीत टाकायचे. हिंदूनं स्वतःचं कोडं १९७१ साली सुरू केलं, ते रचायचे निवृत्त नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल कटारी. मी ८१ साली रेल्वेत चिकटलो, त्यामुळं त्यांची शेवटची शेवटची कोडी माझ्या वाट्याला आली. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात मला कुणी हाक मारलेली चालायची नाही. तुझा क्लू असा होता: 'गोदामाचं टोक झडलं, पुढं उपासाचं धान्य आलं, नदी वाहिली (४)'. तू गोदाम लिहिलंस, म खोडलास, गोदा राहिलं. मग उपासाचं धान्य म्हणजे भगर, म्हणून गोदाभगर. पाच अक्षरं, घरं चार. रडकुंडीला आलीस. नदी तुला केव्हाच कळली होती, परभणी जिल्ह्यातल्या लेकराला 'गोदा'नं सुरू होणारी नदी सांगावी लागते का? पण भगरीचं वरी कसं होतं ते कळेना, आणि कळल्याशिवाय लिहायला तू तयार नव्हतीस. दीड दिवस ती दोन घरं रिकामी ठेवलीस. एकादशीला आई डबा उघडता उघडता म्हणाली, आमच्या पेणला ह्याला वरी म्हणतात, आणि तू स्वयंपाकघरातून ओरडत आलीस. त्या दिवशी मी स्टेशनात सगळ्यांना सांगत फिरलो. उत्तर माहीत असून न लिहिणारं पोर मी दुसरं बघितलं नाही. आता ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तू पोरांना क्लू फोडून सांगतेस, अर्थ या टोकाला आहे की त्या टोकाला ते आधी शोधा म्हणतेस, हे तुझ्या मैत्रिणीनं लग्नात सांगितलं तेव्हाही मला तोच डबा आठवला.

ती पोरगी 'स्क्रीनमुळं असेल' म्हणून गप्प बसते, हे मला सहन होत नाही.

बापूंचं, माझ्या वडिलांचं, आठव. निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले, उजवीकडून डावीकडं वाचायची डोळ्यांना सवय. उलटलेला शब्द आमच्याआधी त्यांना दिसायचा. 'राज उलटलं की थोडंसं म्हातारपण (२)' हा क्लू त्यांनी मला पेपर खाली न ठेवता सोडवून दिला होता. जरा म्हणजे थोडंसं, आणि जरा म्हणजे म्हातारपणही. पुढं पुढं त्यांचा खांदा दाराच्या चौकटीला लागायला लागला. डावीकडं ठेवलेला तांब्या रोज लवंडायचा, आई रोज पुसून घ्यायची. आम्ही सगळे म्हणालो, मोतीबिंदू पिकलाय. काढलाही. पट्टी सुटल्यावर म्हणाले, समोरचं उजळलं, पण नळीतून बघितल्यासारखं दिसतंय. आम्ही म्हणालो, वय झालं बापू.

मोतीबिंदू चार अक्षरं. काचबिंदूही चार, आणि शेवटची दोन घरं तीच. पहिल्या दोन घरांत आम्ही मोती लिहून टाकलं आणि पेन्सिल खाली ठेवली. फोड कुणीच केली नाही, मीही नाही, ज्यानं जन्मभर दुसऱ्यांना फोड मागितली. बापूंना नक्की काय होतं ते आता कोण सांगणार? पण नांदेडला माझं निघालं तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, वडिलांना होता का?

ती तपासणी तुला सांगितली नाही. अंधाऱ्या खोलीत हनुवटी टेकवून बसायचं, एक डोळा झाकलेला, समोर पांढऱ्या वाटीसारखा मोठा खोलगट पडदा. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. कडेला कुठंही बारीकसा दिवा लागला की हातातलं बटन दाबायचं. थोडा वेळ टकटक दाबलं, मग दिवे लागायचेच थांबले. मी मुलीला म्हणालो, बाई, तुमचं मशीन बंद पडलंय. ती म्हणाली, काका, चालू आहे. मग मी काही बोललो नाही.

दुखत नाही, लाल होत नाही, समोरचा पेपर वाचता येतो, म्हणून कळत नाही. आत डोळ्याची नस वाळत जाते आणि बहुतेकांची नजर कडेकडून जायला लागते. गेलेली परत येत नाही. थेंब नियमानं टाकले तर उरलेली टिकवता येते. आईला किंवा बापाला असला तर मुलांना धोका जास्त, आणि मोठा मायनस नंबर असला तरी जास्त. तुझा उणे सात आहे, माई. दोन्ही टोकांनी तू त्यात येतेस. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आलीस तर तेवढ्यानं होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा, वडिलांना आहे हे आधी सांग, डोळ्यातला दाब बघायला सांग, आणि नुसत्या दाबावर थांबू नका म्हण, कारण दाब बरोबर असूनही काहींना होतो. बाहुल्या मोठ्या करून नस बघायला सांग. त्या दिवशी गाडी चालवू नको. रात्री दोन दोनपर्यंत दिवे मालवून त्या मोबाइलमध्ये डोकं घालून बसतेस तेही

बघ, झालं सुरू. आईनं शेंगांमधून मान वर करून बघितलं सुद्धा. तुला समजावायला बसलो की माझ्यातला बुकिंग क्लार्क जागा होतो, रांगेतल्या माणसाला दहा सूचना. तू तिशीची बाई आहेस, तुझं तू बघतेस. मोबाइलचं खोडत नाही, पण मनावर घेऊ नको. बाकीचं घे.

माझं बरं आहे. डावा डोळा जास्त गेलाय, उजवा बराच आहे. गाडी चालवणं सोडलं. दादाला सांगितलंय स्कूटर घेऊन जा म्हणून. रात्री नऊला आई थेंब टाकते. मान वर करायची, ती खालची पापणी ओढते, एक थेंब, मग दोन मिनिटं डोळे मिटून नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरायचा. त्या दोन मिनिटांत ती मला क्लू वाचून दाखवते. तीस वर्षं तिनं त्या चौकटीकडं ढुंकून बघितलं नव्हतं. काल तिनं वाचलं, 'जे विकता ते विस्कटलं, काव्य झालं (३)', आणि मी डोळे उघडायच्या आत म्हणाली, अहो, विस्कटलं म्हणजे अक्षरं हलवायची ना? मग ही कविता की. मी म्हटलं, फोड? तर म्हणते, वि क ता, क वि ता, घ्या फोड. तुला लगेच सांगावंसं वाटलं, पण तू फोन उचलत नव्हतीस.

रागावलीस तरी चालेल. रागावून का होईना, डोळे दाखव.

तुझे
अप्पा

ता. क. या रविवारचं कोडं मागच्या पानावर आहे. चौकटीच्या वर नीट लिहिलंय: अप्पांबद्दल ३ आडवा आणि ७ उभा. बाकी सगळे नेहमीसारखे. ९ आडव्याला क्लू नाही, नुसती घरं आहेत. तिथं तुला डॉक्टरांनी दिलेली तारीख भरून फोटो पाठव. आई म्हणते भगर आणि शेंगा दादाबरोबर देते, पंधरवड्यात तो पुण्याला येणार आहे.