चार खण बंद करायला कुणीच नव्हते

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातील दिव्यांगांच्या रोजगार मेळाव्यावरचा लेख मी दोनदा वाचला. नेमणूकपत्रे हातात घेतलेल्या मुलांची छायाचित्रे पाहून आनंद झाला, हे मनापासून लिहितो. मात्र त्याच लेखाच्या शेवटी जॉब कोचविषयी, म्हणजे दिव्यांग कामगाराला कामाच्या जागीच काम शिकवणाऱ्या प्रशिक्षकाविषयी, जे दोन परिच्छेद आहेत, त्यांनी मला रात्री झोप लागू दिली नाही. प्रत्येक दिव्यांग कामगारामागे एक माणूस उभा करणे कोणत्या उद्योगाला परवडेल, असा प्रश्न लेखकाने विचारला आणि तिथेच विषय मिटवला. जॉब कोच काम कसे करतो हे ज्याने एकदा तरी पाहिले आहे, तो असे विचारणार नाही. मी ते तीन महिने जवळून पाहिले आहे.

माझा धाकटा मुलगा सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याला बौद्धिक अक्षमता आहे. कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात त्याला पॅकिंगचे काम मिळाले, तेव्हा एका संस्थेच्या प्रकल्पातून त्याच्यासाठी एक जॉब कोच नेमली गेली होती. त्याला कामावर नेण्याआधी दोन दिवस ती स्वतः त्या टेबलावर उभी राहिली, सगळे काम आपल्या हाताने केले आणि कोणत्या पायरीवर तो अडेल हे वहीत लिहून काढले. तो मोजणीवर अडणार होता, कारण बारानंतर त्याचे आकडे चुकतात आणि प्रत्येक खोक्यात तर 24 बाटल्या भरायच्या होत्या. तिने त्याला मोजायला शिकवण्यात वेळ घालवला नाही. पुठ्ठा कापून 24 खणांचा एक ट्रे बनवला. सगळे खण भरले की त्यातल्या बाटल्या खोक्यात ठेवायच्या आणि वर टेप लावायची, एवढेच त्याला सांगितले. चौथ्या दिवशी त्याचे खोके बिनचूक निघू लागले.

कारखान्यातील माणसांनाही तिने शिकवले, आणि लेखकाच्या नजरेतून सुटलेला भाग तो हाच. एका वेळी एकच सूचना द्या, ती कोकणीतून द्या आणि शक्य असेल तर हाताने करून दाखवा, असे तिने सुपरवायझरला समजावून सांगितले. शेजारच्या टेबलावरच्या एका वयस्क बाईंना ती भेटली आणि जेवणाच्या सुट्टीत त्याला कँटीनमध्ये नेण्याचे त्यांनी आपणहून कबूल केले. पहिले दोन आठवडे ती दिवसभर त्याच्याजवळ होती. नंतर ती दुपारी निघू लागली, दुसऱ्या महिन्यात टेबल सोडून दाराशी उभी राहू लागली आणि तिसऱ्या महिन्यात फक्त शुक्रवारी यायची. एवढ्या लांब का उभी राहतेस, असे मी विचारले तेव्हा ती म्हणाली, “मी जवळ असले तर तो माझ्याकडे बघतो, खोक्याकडे बघत नाही.” लेखकाला ज्या माणसाचा खर्च भारी वाटतो, तो माणूस स्वतःची गरज अशी दर आठवड्याला कमी करत जातो. त्याच्या कामाची पद्धतच तशी आहे.

पुढे प्रकल्पाची मुदत संपली आणि तिचे शुक्रवारचे येणेही बंद झाले. माझ्या मुलाने त्यानंतर चौदा महिने काम केले आणि चवथीचे दिवस सोडले तर एकही रजा घेतली नाही. चवथीनंतर कामावर परतला तेव्हा सुपरवायझर बदललेला होता, सूचना हिंदीतून आणि भराभर येत होत्या आणि एका मालाचे खोके 24 ऐवजी 20 बाटल्यांचे झाले होते. ट्रे मात्र जुनाच होता. त्याने सगळे खण भरले आणि 24 बाटल्या 20 च्या खोक्यात दाबून बसवल्या, कारण खण भरले की खोके भरायचे हेच त्याला ठाऊक होते. दुपारपर्यंतचा सगळा माल पुन्हा उघडावा लागला. दोन दिवसांनी त्याला घरी पाठवले आणि नंतर कळवतो असे सांगितले. ते कळवणे अजून झालेले नाही. आमच्याकडून हे समजल्यावर ती मुलगी स्वखर्चाने कारखान्याच्या फाटकापर्यंत गेली, पण प्रकल्प संपला असल्यामुळे तिला आत घेता येणार नाही, असे उत्तर तिला मिळाले. ट्रेमधले चार खण पुठ्ठ्याच्या तुकड्याने बंद करायचे होते. दहा मिनिटांचे काम होते. त्या नव्या सुपरवायझरला मी दोष देत नाही, कारण तो ट्रे तिथे कशासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के आरक्षण आहे आणि बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता व मानसिक आजार असलेल्यांना त्यातील एका टक्क्यात प्रथमच जागा मिळाली. खासगी उद्योगांनी किमान 5 टक्के दिव्यांग कामगार घ्यावेत म्हणून त्यांना प्रोत्साहन देण्याची तरतूदही त्यात आहे. हे सगळे आकडे कामावर घेण्याचे आहेत. घेतलेला माणूस टिकावा म्हणून कुणी काय करायचे, हा प्रश्न आपल्याकडे प्रकल्पांच्या मुदतीवर सोडलेला आहे. अमेरिकेत 1986 साली कायद्यात दुरुस्ती करून अशा सहाय्यित रोजगारासाठी सरकारी निधीची वाट मोकळी केली गेली, तर जपानने 2002 पासून जॉब कोचची सरकारी व्यवस्था उभारली आणि कोच निघून गेल्यानंतरचा पाठपुरावाही तिचाच एक भाग ठेवला. आमच्या बाबतीत नेमका तोच नव्हता. गोव्यात प्रत्येक कामगारामागे एक कोच कुणीही मागत नाही. वेर्णा किंवा कुंडईसारख्या प्रत्येक मोठ्या औद्योगिक वसाहतीसाठी एक कायमचा कोच नेमावा, माल, पाळी किंवा सुपरवायझर बदलला की कारखान्याने त्याला बोलवावे आणि त्याला फाटकातून आत जाण्याचा अधिकार असावा, एवढी मागणी मी राज्य सरकारकडे करतो. 2023 च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव झाला तेव्हा मी मुलाला घेऊन पणजीला गेलो होतो आणि तिथली व्यवस्था पाहून भारावलो होतो. ज्या राज्याला ते जमले, त्याला हे जमायला हरकत नाही.

आपल्यालाही एक विनंती आहे. छायाचित्रातील मुलांपैकी किती जण कामावर टिकले, हे पुढच्या वर्षी आपल्या वार्ताहराने त्यांच्या घरी जाऊन पाहावे आणि ती बातमी याच पानावर, एवढ्याच जागेत छापावी.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. लेखाच्या मथळ्यात आपण ‘मतिमंद’ हा शब्द वापरला आहे. कायद्याने ‘बौद्धिक अक्षमता’ हा शब्द स्वीकारून बराच काळ लोटला असून वृत्तपत्रांनी तो वापरायला हवा. माझा मुलगा सलग वाचू शकत नाही, पण तो ज्या शाळेत शिकला तिच्या पाटीवर ‘मतिमंद’ हा शब्द मोठ्या अक्षरांत होता, त्यामुळे तो त्याला बरोबर ओळखता येतो. रविवारी सकाळी त्याने अंक माझ्यासमोर धरला, मथळ्यावर बोट ठेवले आणि विचारले, “हे माझ्याबद्दल आहे?”

आपला,
एक वाचक,
म्हार्दोळ, फोंडा