चमच्यातला च, चिमणीतला च

चि. बाळास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की, ऑफिसात सगळे जर्मनमध्ये बोलू लागले की तू मान खाली घालून लॅपटॉपकडे बघत बसतोस, आणि संध्याकाळी बोलायलाही कोणी नसते. ‘कोणी नसते’ हे शब्द मला रात्रभर बोचत राहिले, कारण पहिलीपासून तुझ्या बाकावर बसलेला मित्र आज त्याच म्युनिकमध्ये राहतो, आणि घराच्या डिपॉझिटवरून झालेल्या भांडणानंतर गेले पाच महिने तुम्ही एकमेकांशी बोललेला नाहीत. मला जे सांगायचे आहे ते बास्केटबॉलपटू व्लादे दिवाचची हकिकत सांगितल्याशिवाय नीट सांगता येणार नाही, आणि ती फोनवर मावणारी नाही, म्हणून हे पत्र.

मी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात पोस्टला, म्हणजे रिंगजवळच्या जागी, खेळत असे, हे तुला ठाऊक आहे. आमचे सर सांगत की, पोस्टच्या खेळाडूकडे चेंडू आला की त्याने वळून रिंगकडेच जायचे. पुढे कितीतरी वर्षांनी मी सॅक्रॅमेंटो किंग्ज या अमेरिकन संघाच्या दिवाचला खेळताना पाहिले आणि थक्क झाले. सात फुटांहून उंच असा हा माणूस रिंगकडे पाठ करून फ्री थ्रोच्या रेषेजवळ उभा राही, चेंडू डोक्याच्या वर धरून क्षणभर नुसता थांबे, आणि बाजूने धावत आलेला साथीदार रिंगकडे वळला रे वळला की मान न वळवता चेंडू त्याच्या हातात पडलेला असे. इतक्या थोराड देहात एवढे हळुवार हात मी दुसरे पाहिले नाहीत.

त्याच्या नावातला शेवटचा च ‘चमच्या’तला, बरे का. त्याच्या मित्राचे नाव द्राझेन पेत्रोविच. त्याच्या नावातला च ‘चिमणी’तला. आपल्या लिपीत दोन्ही एकाच अक्षराने लिहिले जातात.

दिवाचचा जन्म 1968 सालचा, सर्बियातल्या प्रियेपोल्ये या लहानशा गावचा. किशोरवयातच तो घर सोडून क्राल्येवोच्या स्लोगा क्लबात आणि तिथून 1986 साली बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबात आला. त्याच वर्षी माद्रिदमध्ये जागतिक स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात, शेवटच्या मिनिटात युगोस्लाव्हिया सोव्हिएत संघाच्या नऊ गुणांनी पुढे असताना प्रतिस्पर्ध्यांनी थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे बास्केट, टाकायला सुरुवात केली, आणि गोंधळलेल्या अठरा वर्षांच्या दिवाचकडून डबल ड्रिबल झाले, म्हणजे चेंडू हातात धरल्यावर पुन्हा टप्पे देण्याची चूक घडली. सामना जादा वेळेत एका गुणाने गेला. त्या संघाचा मुख्य आधार होता क्रोएशियाचा पेत्रोविच; सर्बिया आणि क्रोएशिया तेव्हा एकाच युगोस्लाव्हियात होते. राष्ट्रीय संघाच्या दौऱ्यांत या दोघांची खोली एक असे, आणि पुढे ते जिवलग मित्र झाले.

1989 साली दोघे एकाच हंगामात अमेरिकेला गेले. दिवाच लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला. त्यांचा थोर खेळाडू करीम अब्दुल-जब्बार नुकताच निवृत्त झाला होता आणि त्याच्या जागी हा आला, ज्याला इंग्रजी येत नव्हते. संघातल्या मॅजिक जॉन्सनने त्याला सांभाळून घेतले. पोर्टलंडला गेलेल्या पेत्रोविचच्या वाट्याला मात्र बाक आला. युरोपात एकट्याच्या बळावर सामने जिंकून देणारा हा माणूस तिथे रोज आपला नंबर लागण्याची वाट पाहत बसे. मग दोघे फोनवर बोलत, सतत बोलत. त्या परक्या देशात त्यांना आपल्या भाषेत मन मोकळे करायला एकमेकांचाच आधार होता.

ऑगस्ट 1990 मध्ये ब्यूनोस आयर्सला युगोस्लाव्हियाने सोव्हिएत संघाला हरवून जागतिक विजेतेपद मिळवले. जल्लोष चालू असताना एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात धावत आला आणि दिवाचने तो त्याच्या हातातून काढून घेतला. हा विजय सगळ्या युगोस्लाव्हियाचा आहे, सर्बियाचा झेंडा असता तरी मी हेच केले असते, असे तो पुढे वारंवार सांगत राहिला. पण 1991 साली युगोस्लाव्हिया फुटू लागला, सर्ब आणि क्रोएट यांच्यात युद्ध पेटले, क्रोएशियात दिवाचचे नाव घेणेही नकोसे झाले, आणि पेत्रोविचने त्याच्याशी बोलणे सोडले. कोण चुकले याचा निवाडा मला करता येत नाही, आणि तुम्हा दोघांचाही मी करणार नाही. एवढेच सांगते की पेत्रोविच न्यू जर्सीला जाऊन अखेर मनासारखा खेळू लागला, दिवाच लेकर्समध्ये स्थिरावला, त्यांचे संघ समोरासमोर येत राहिले आणि अबोला तसाच राहिला.

7 जून 1993 रोजी पावसाने निसरड्या झालेल्या जर्मन महामार्गावर मोटारीच्या अपघातात पेत्रोविच गेला. तो अवघा 28 वर्षांचा होता. ती जागा तुझ्याच बव्हेरियात, म्युनिकच्या उत्तरेला आहे.

दिवाच त्यानंतर बारा वर्षे खेळला. 1996 साली लेकर्सनी त्याला शार्लटकडे पाठवले आणि बदल्यात कोबी ब्रायंटला घेतले. लॉस एंजेलिस सोडण्यापेक्षा खेळच सोडावा, असेही तेव्हा त्याच्या मनात आले होते. 1999 च्या वसंतात तो सॅक्रॅमेंटोत खेळत असताना त्याच्या देशावर नाटोचे बॉम्ब पडत होते, आणि त्या आघाडीत अग्रभागी होती अमेरिकाच. मग आले 2002. लेकर्सविरुद्धच्या मालिकेतल्या चौथ्या सामन्यात शेवटचे सेकंद उरले होते, किंग्ज दोन गुणांनी पुढे होते, आणि धोका टळावा म्हणून दिवाचने रिंगखालचा चेंडू तळहाताने लांब ढकलला. तो नेमका लेकर्सच्या रॉबर्ट ऑरीच्या हातात पडला, आणि त्याने थ्री-पॉइंटर टाकला. किंग्ज ती मालिका हरले. त्याच वर्षी इंडियानापोलिसच्या जागतिक स्पर्धेत, सर्बिया आणि मॉन्टेनेग्रोपुरत्या उरलेल्या युगोस्लाव्हियाने अमेरिकेला तिच्याच घरी हरवले आणि पुढे सुवर्णपदकही जिंकले, आणि त्या संघात 34 वर्षांचा दिवाच होता. पेत्रोविचला मरणोत्तर बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेमचा मान मिळाला तोही 2002 सालीच. दिवाचला तो 2019 मध्ये मिळाला. एनबीए या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये तो 16 हंगामांत 1134 सामने खेळला.

खेळ सोडल्यावर काही वर्षांनी तो झाग्रेबला गेला, पेत्रोविचच्या आईला भेटला आणि त्याच्या कबरीपाशी उभा राहिला. ती भेट मी पडद्यावर पाहिली आहे. आपल्या मुलाशी बोलायचे राहून गेलेला मित्र इतक्या वर्षांनी दारात आल्यावर त्या आईला काय वाटले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही, कारण तुझा मित्रही आपल्याच ओट्यावर खेळून मोठा झाला आहे.

काल त्याची आई आली होती. तुमच्या भांडणाविषयी ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. मात्र त्याने नंबर बदलला आहे आणि तुझ्याकडे जुनाच असेल, असे ती जाता जाता म्हणाली. नवा नंबर मी या पानाच्या मागे लिहिला आहे.

तुझी,
आई