माडीची तक्तपोशी वाचवणाऱ्या मेस्त्रीकाकांना

मेस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

माडीच्या तक्तपोशीचं, म्हणजे लाकडी फळ्यांच्या जमिनीचं, काम पुरं झालं, हिशेब झाला आणि तुम्ही हत्यारांची पेटी उचलून पुढच्या कामाला गेलातही. निघताना म्हणालात, "मजुरी दिलात, आता कसले आभार?" मला ते पटलं नाही, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण राजापूर, लांजा, देवरुख या सगळ्या पट्ट्यात जुन्या घरांच्या माड्या आज उतरवल्या जाताहेत. त्या घरांतल्या माणसांनी, निर्णय घेण्याआधी, तुम्ही आमच्याकडे काय केलंत ते वाचावं अशी माझी इच्छा आहे. तुम्ही स्वतः तर कुणाला सांगायला जाणार नाही. तुमची लेक हे मोबाइलवर तुम्हाला वाचून दाखवेल.

तुम्ही येण्याआधी जो जो माडी बघून गेला त्याने एकच सांगितलं: लाकूड काढा, स्लॅब टाका. पुढच्या खोलीत पाय ठेवला की फळी दबायची, आई वर जायची बंद झाली होती, त्यामुळे आम्हीही मनाची तयारी करत आणली होती. तुम्ही मात्र आधी भिंतीकडे गेलात. जांभ्याचा चिरा बघितलात, सांध्यातली माती नखाने उकरलीत आणि म्हणालात, "ही भिंत मातीत बांधलेली. हिच्या डोक्यावर स्लॅब नको." मी नंतर आकडे मांडून बघितले. पाच इंची स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन चौरस मीटरला 300 किलोच्या वर जातं. इंचभर जाडीच्या सागवानी फळ्या आणि त्यांना खालून पेलणारे आडवे वासे, म्हणजे कड्या, धरल्या तरी ते त्याच्या पाव हिश्श्याच्याही आत राहतं. पणजोबांच्या काळच्या गवंड्याने जांभ्याची ती भिंत लाकडाचा भार धरून उभी केली होती. हे तुम्ही कागद-पेन्सिल न घेता, एका नखाने ओळखलंत. त्या एका वाक्यासाठी मी तुमचे जन्मभर आभार मानले तरी कमीच.

मग तपासणी. मला वाटलं होतं, तुम्ही आल्या आल्या पहार घालाल. तुम्ही माजघरात उभे राहून टॉर्चने फळ्यांची खालची बाजू बघत बसलात. हातोडीचा दांडा एकेका फळीवर मारून कान द्यायचा; आवाज टणटणीत आला की खडूने गोल, भद्द आला की फुली. शंका असेल तिथे टोचा खुपसून बघायचा. वरून अगदी धड दिसणाऱ्या एका फळीत तो मुठीपर्यंत गेला. वाळवीने आतलं सगळं खाऊन वर कागदासारखा पापुद्रा तेवढा ठेवला होता. आणि जिला सगळ्यांनी आधीच रद्द केलं होतं, ती काळी पडलेली, भेगाळलेली खिडकीजवळची फळी, तिच्यावर तुम्ही गोल काढलात. "हिच्या अंगावर जाऊ नका, ताई. हिचा गाभा पक्का आहे. अजून पन्नास वर्सं हलायची नाय." सागाच्या गाभ्यातच तेल असतं, वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात, म्हणून वाळवी आधी कडेच्या पांढरट लाकडाला लागते, हे तुम्ही त्या वेळी मला फळीची कड दाखवून समजावलंत. आमच्या माडीतल्या बऱ्याचशा फळ्यांची फक्त ती पांढरी कड गेली होती. कड तासून काढली, फळी थोडी अरुंद झाली, पण फळी राहिली.

पुढच्या खोलीत नासाडी जास्त का, तेही लिहायला हवं, कारण तो प्रकार घरोघरी आहे. फटींतून खाली माजघरात धूळ पडते म्हणून कधीकाळी फळ्यांवर लिनोलियम अंथरलं होतं. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर लाकूड हवेतला ओलावा पितं आणि पुढे उन्हाळ्यात तो सोडून देतं. वरून प्लास्टिकसारखं आवरण बसलं की ओल वर यायची वाट बंद होते, आणि कौल फुटून पाणी गळलं तर ते तिथेच मुरतं. लिनोलियम उचललं तेव्हा खाली पांढरी बुरशी जाळ्यासारखी पसरलेली होती. मागच्या खोलीत उलट, जुन्या पद्धतीने फळ्यांवर मातीचा थर आणि शेणाचं सारवण. त्या फळ्या चांगल्या निघाल्या, पण कड्यांना झोल आला होता. तीन इंच माती म्हणजे 100 चौरस फुटांवर टनाहून जास्त वजन! तुम्ही ती घमेल्या-घमेल्याने उतरवलीत, एका बाजूने सगळी नाही, दोन्ही बाजूंनी सारखी. माती उतरल्यावर झोल थोडा कमी झाला. पुरता गेला नाही, इतक्या वर्षांचा बाक लाकडाच्या अंगात मुरलेला असतो.

मातीखाली, भिंतीच्या कडेला, पांढरी पावडर सापडली तेव्हा तुमचा भाचा ती हाताने लोटायला निघाला होता. तुम्ही ओरडलात. ती जुनी गॅमेक्सिन असणार, असं तुम्ही म्हणालात. वाळवीवर पूर्वी ती सर्रास टाकत. तिच्यातल्या बीएचसी या कीटकनाशकावर आपल्याकडे 1997 साली बंदी आली, पण जुन्या घरांच्या सांदीकोपऱ्यात ती अजून पडून आहे. तुम्ही सगळ्यांना तोंडाला मास्क लावायला लावलात, आईला शेजारच्या वहिनींकडे पाठवलंत, पावडर झाडूने न उडवता ओल्या फडक्याने टिपून दुहेरी पिशवीत बांधून ठेवलीत आणि परसात पुरू दिली नाहीत, कारण विहीर जवळ. त्या फळ्यांचे तुकडे न्हाणीच्या चुलीतही जाऊ दिले नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. काका, हे मी विसरणार नाही.

फळ्या काढायचं काम तर बघत बसावं असं. जुने खिळे लोहाराने घडवलेले, चौकोनी, गंजून लाकडाशी एकजीव झालेले. पहारीने उचललं की खिळ्याभोवतीची कड फुटते, म्हणून तुम्ही फळी आणि कडी यांच्यात लाकडी पाचर मारून बोटभर फट केलीत, त्या फटीत नुसतं हॅकसॉचं पातं सरकवलंत, एका टोकाला कापड गुंडाळून, आणि खिळा मधोमध कापलात. फळी अलगद सुटली. मग खालून सुंबा, म्हणजे खिळा ढकलायची लोखंडी सळई, ठेवून उरलेला तुकडा वर ढकलून काढलात. एकेका फळीला हे चार-पाच वेळा. प्रत्येक फळीच्या पाठीवर कोळशाने नंबर आणि बाण. भाचा कंटाळला की तुम्ही काही बोलत नव्हता, फक्त त्याच्या हातातली पहार काढून पुन्हा पातं देत होता. शेवटी शेवटी तो तुमच्याइतक्याच सफाईने कापायला लागला होता. त्या मुलालाही माझे मनापासून धन्यवाद सांगा.

कड्यांची टोकं हा खरा जीवाचा भाग होता. भिंतीत गाडलेली टोकं दोन ठिकाणी कुजून भुगा झाली होती. तिथे सिमेंट भरून टाका, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. तुम्ही म्हणालात, सिमेंटने टोक बंद केलं की ओल आतच कोंडते आणि नवीन लाकूडही त्याच वाटेने जातं. कुजलेला भाग धड लाकूड लागेपर्यंत मागे कापून, खालून टेकू देऊन, दोन्ही बाजूंना जोडकड्या लावून बोल्टने आवळलंत. टोकाखाली काळ्या दगडाची चीप, आणि टोकाच्या भोवती हवा खेळेल इतकी जागा मोकळी. पश्चिमेच्या भिंतीत तुम्ही मुद्दाम ठेवलेली ती दोन भोकं बघून पाहुणे विचारतात. मी सगळ्यांना समजावून सांगते.

नवीन फळ्यांसाठी तुम्ही नवा साग घेऊ दिला नाहीत. इकडे घर उतरवलं की त्याचं लाकूड ट्रक भरून घाटावर जातं. तुम्ही दोन गावांपलीकडच्या एका उतरवलेल्या घराच्या फळ्या, ट्रक येण्याआधी, आमच्यासाठी राखून ठेवायला लावल्यात. इंचाला वर्ष, या हिशेबाने ओलं लाकूड सुकायला वेळ लागतो. हे तर कित्येक दशकं सुकलेलं. तरीही तुम्ही ते लगेच बसवलं नाहीत. पडवीत, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असं रचून ठेवलंत आणि महिनाभर दुसरीकडचं काम धरलंत. मुंबईहून फोन करकरून मी विचारत होते तेव्हा तुमचं उत्तर एकच: "त्यांना ह्या घराची हवा लागू दे."

आणि ती फट! भर उन्हाळ्यात तुम्ही दोन फळ्यांत पत्र्याची बारीक पट्टी घालून अंतर ठेवत होता, भिंतीलगत तर अर्धा इंच सोडला होता. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत वाढतं. आठ इंची फळी आमच्या पावसात दीड-दोन मिलिमीटर सहज फुगते. बारा फुटी खोलीत अशा 18 फळ्या, म्हणजे एक ते दीड इंच जागा लागणार. ती नसती तर फळ्या मध्येच उठल्या असत्या. कडेला पताम, म्हणजे लांब खाच, मारून तुम्ही एक फळी दुसरीवर चढवलीत, त्यामुळे फट असूनही खाली धूळ पडत नाही. ज्या धुळीपायी लिनोलियम आलं होतं, तिचा बंदोबस्त असा झाला. आणि प्रत्येक फळी एकाच कडेला पितळी स्क्रूने धरलीत, दुसरी कड हलायला मोकळी. स्क्रू मेणबत्तीवर घासून मगच आवळायचा, म्हणजे सागात तो तुटत नाही. यंदा जुलैत मी वर जाऊन बघितलं, फटी मिटल्या आहेत आणि एकही फळी उचललेली नाही.

पॉलिशबद्दल आपलं थोडं वाजलं होतं. मला चकचकीत हवं होतं. तुम्ही खालून काजूच्या टरफलाचं तेल दिलंत, हातमोजे घालून, कारण ते कातडी भाजतं, आणि वरून जवसाचं तेल, तेही चोळून चोळून पातळ. आज ती फळी बघितल्यावर चकचकीतपणा मला नकोच वाटतो. तेलाची फडकी तुम्ही गोळा करून ठेवू दिली नाहीत, अंगणात दगडावर पसरून वाळवलीत. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून ठेवली की आपोआप पेट घेऊ शकतात, हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

एका फळीबद्दल वेगळं लिहिते. जिन्याच्या तोंडाची. चार पिढ्यांच्या पावलांनी ती मधोमध खोलगट झाली आहे. उलटी करून बसवली असती तर खालची बाजू कोरी करकरीत, आणि कुठलाही कारागीर तसंच करेल. तुम्ही आईला विचारलंत. आई म्हणाली, सासूबाई भाताची टोपली घेऊन इथेच पाय ठेवायच्या. तुम्ही काही न बोलता ती फळी होती तशीच वर ठेवलीत आणि खालून ऐनाच्या लाकडाची दणकट पट्टी मारून तिला आधार दिलात. त्या पट्टीचे पैसे तुम्ही लावले नाहीत, हे मला हिशेबाच्या कागदावरून कळलं. आई आता रोज एकदा तरी वर जाते.

ज्यांच्या घराची माडी दबते आहे त्यांना एवढंच सांगते: स्लॅबचा निर्णय घेण्याआधी एखाद्या जुन्या मेस्त्रीला बोलवा, त्याला खालून बघू द्या, आणि त्याने महिना मागितला तर महिना द्या. रोजच्या मजुरीत घासाघीस करू नका. आमचा खर्च स्लॅबपेक्षा कमी आला, पण तो जास्त आला असता तरी मी हेच लिहिलं असतं.

काका, सज्जाच्या फळ्या अजून राहिल्या आहेत. दिवाळीनंतर जमेल असं म्हणाला होता. लांज्याजवळ एका घराचं सागवान निघतंय असं कळलं, ते बघून सांगा, मी लगेच उचलते. तुम्ही येईपर्यंत पडवीत पट्ट्या घालून रचून ठेवेन.

आपली,
वरच्या आळीतली ताई