अण्णा, तुमचा कपडेपट बागामोयोत उभा राहिला

ती. अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

घरी येऊन आभार मानले असते तर "च्या घेतीस का?" म्हणून तुम्ही विषय बदलला असता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. प्रयोग संपला की नटांचं कौतुक होतं, दिग्दर्शकाला हार मिळतो आणि तुमच्यासारखा कपडेपटवाला, म्हणजे नाटकाचे कपडे सांभाळणारा, त्या वेळी विंगेत घामेजलेले अंगरखे गोळा करत असतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ज्या सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, तिनं तरी ही रीत बदलावी. असो.

टांझानियात बागामोयोला स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं तेव्हा मी तुमच्याकडे आले ती जुन्या शालू-पगड्यांची एखादी पेटी मिळेल या आशेनं. दार-एस-सलामच्या उत्तरेला, समुद्रकाठचं हे गाव. १९८१ पासून तिथं कलांचं सरकारी महाविद्यालय आहे, त्यामुळे नाच, ढोल, नाटक गावाला नवं नाही. मी ज्या तरुण मंडळींबरोबर काम करणार होते, त्यांच्याकडे नट भरपूर होते, कपडे मात्र ज्याचे त्यानं घरून आणायचे. तुम्ही पेटी दिली नाहीतच. म्हणालात, "हितली पेटी तिकडं न्हेऊन काय करतीस? तितल्या माणसाच्या अंगाला काय शोभतंय ते आदी बघ. आन् शिवणारं माणूस तितलंच धर. तू काय जन्मभर ऱ्हाणार हाईस व्हय तिकडं?"

नाटक होतं शेक्सपिअरचं, व्हेनिसच्या व्यापाऱ्याचं. टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी त्याचा स्वाहिलीत अनुवाद केला, तो १९६९ साली छापून आला. (राष्ट्राध्यक्षानं शेक्सपिअरच्या ओळींशी झटापट करावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.) तुमचं ऐकलं नसतं तर मी मखमल शोधत फिरले असते. त्याऐवजी आम्ही व्हेनिसला तिथल्याच किनाऱ्यावर आणून बसवलं. व्यापाऱ्यांना पायघोळ पांढरे कांझू आणि भरतकामाच्या टोप्या. न्यायालयातल्या मंडळींना मितुंबाच्या बाजारातले, म्हणजे युरोप-अमेरिकेतून गठ्ठ्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांतले कोट, बाह्या उसवून नव्यानं बसवलेले. बायकांना खांगा. ही सुती कापडं जोडीनं विकतात, चारी बाजूंनी काठ आणि खालच्या अंगाला छापलेली एक ओळ, कधी म्हण, कधी शेजारणीला मारलेला टोमणा. दार-एस-सलामच्या उहुरू स्ट्रीटवर दुकानामागून दुकानं या कापडांची. कोणत्या पात्राला कोणती ओळ, यावर आमच्या शिंप्याची आणि नट्यांची अशी जुंपायची की मी बाजूला उभी राहून फक्त बघायची. प्रयोगाला नाटकाची नायिका पोर्शिया पाठमोरी झाली की पुढच्या रांगेतल्या बायका ती ओळ वाचून आधीच हसायच्या. हे मला सांगलीत बसून सुचणं शक्यच नव्हतं.

शिंपी तिथलाच धरला. व्हरांड्यात पायाची मशीन टाकून बसणारा, हात सफाईदार, पण गिऱ्हाइकाच्या मापाचं नेमकं शिवायची सवय. कापड वाया घालवणं त्याला पाप वाटे. नाटकाच्या कपड्यात दोन-दोन इंच माया का सोडायची, हे तुमचा व्हिडिओ कॉल लावल्यावर त्याला पटलं. आज सडपातळ पोरगा करतो ती भूमिका उद्या अंगापिंडानं भरलेला करील, तेव्हा उसवून मोकळं करता आलं पाहिजे. तुम्ही सांगलीच्या बोलीत, तो स्वाहिलीत, मधे मी. खरं सांगायचं तर माझं काम दोघांना फारसं पडलंच नाही. तुम्ही बाराबंदी उलटी करून शिवण दाखवलीत आणि त्यानं मान डोलावली. लोखंडी हुक खाऱ्या हवेत गंजून कापडाला डाग पाडणार, म्हणून तुम्ही बाराबंदीसारखे बंद लावायला सांगितलेत. अंधारात, घाईच्या बदलात बोटांना तेच पटकन सापडतात.

पण सगळ्यांत उपयोगी पडली ती तुमची पुराची विद्या. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा तुमच्या पेट्या पाण्यात होत्या. चिखल वाळू न देता ओला असतानाच स्वच्छ पाण्यानं काढायचा, रेशीम-जर उन्हात टाकायची नाही, सावलीत वारं द्यायचं, पूर्ण सुकल्याशिवाय पेटी बंद करायची नाही, हे तुम्ही तेव्हा हातांनी केलेलं. बागामोयोला मार्च ते मे मोठा पाऊस, हवा कायम दमट, कपड्यांवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. आम्ही भिंतीपासून हात-दीड हात सोडून बांबूच्या दांड्या टांगल्या आणि प्रयोगाच्या रात्री कपडा घडी करायचा नाही, असा नियमच केला. फक्त डांबरगोळ्यांचं तुमचं म्हणणं चाललं नाही. वासानं नट खोकायला लागले. मग बायकांनी पुरचुंड्यांत लवंगा बांधून ठेवल्या. समोरच्या झांझिबारची लवंग जगप्रसिद्ध, तिथं डांबरगोळ्या कोण घेणार?

पेटीत शेवटच्या अंकाचे कपडे तळाला आणि पहिल्या अंकाचे वर, कॉलरच्या आत पात्राचं नाव, वहीत कोणी नेलं नि कोणी परत दिलं, ही तुमची शिस्त तिथल्या एका मुलीनं माझ्यापेक्षा कडक पाळली. आता कपडेपट तीच सांभाळते. मी निघाले त्या आठवड्यात तिनं माझीच सही घेतल्याशिवाय मला टेप दिली नव्हती.

तिचा एक प्रश्न माझ्याकडे पडून आहे. टोप्यांत ताठपणासाठी घातलेला बकरम पावसाळ्यात मऊ पडतो आणि टोपी दबून चपटी होते. आतून दुहेरी कॅनव्हास घालून जवळजवळ टीप मारली तर चालेल का, की तुमच्याकडे दुसरी काही युक्ती आहे? येत्या रविवारी सकाळी कॉल लावते. एखादी पगडी जवळ ठेवा, उलटी करून दाखवायला लागेल.

तुमची,
कपडेपटातली शिकाऊ
सांगली