आधी पट्टी वाचता यावी

महोदय,

हिंगणा एमआयडीसीत माझं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या महिन्यात हेल्परच्या जागेसाठी अकरा पोरं आली, त्यात दोघं पदवीधर. व्हर्निअर कॅलिपर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, राहू द्या, मी साधी पट्टी हातात देऊन विचारलं, साडेसात सेंटिमीटर म्हणजे किती मिलिमीटर? चौघांनी बरोबर सांगितलं. एका बी.ए. झालेल्यानं खिशातून मोबाइल काढला. शेवटी कामावर ठेवला तो दहावी नापास मुलगा. बापासोबत फरशी बसवून बसवून त्याला माप कळत होतं.

पोरांना नावं ठेवून काय होणार? 2023 च्या ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या मुलांपैकी जेमतेम 43 टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. साधारण चौथा हिस्सा मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा उतारा सरळ वाचता आला नाही. तरी यातली बहुतेक शाळा-कॉलेजात नाव असलेली!

नागपूरजवळच्या मिहान आणि बुटीबोरी या औद्योगिक भागांतल्या नोकऱ्यांच्या घोषणा आपण वर्षानुवर्षं ऐकतो आहोत. नोकऱ्या आल्या तरी यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग वाचणारा माणूस लागेलच. आयटीआयत ‘वर्कशॉप कॅल्क्युलेशन’ शिकवतात, पण अपूर्णांकातच अडलेल्या पोरानं तिथं काय करावं? महापालिकेनं वस्त्यांमधल्या अभ्यासिकांत संध्याकाळी तासभर मापं, अपूर्णांक आणि अर्ज लिहिण्याचे वर्ग सुरू करावेत. व्हर्निअर मी आणून देतो.

– एक लघुउद्योजक, नागपूर