खताची गाडी आणि बांधकामावरची घमेली

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रेंच राज्यक्रांतीवरचा लेख आवडला. फक्त सोबतच्या चित्रात गिलोटिनकडे जाणारी गाडी सर्कशीतल्या वाघाच्या पिंजऱ्यासारखी काढली आहे आणि मजकुरात ‘कैद्यांसाठी खास बनवलेल्या गाड्या’ असं म्हटलंय. मी जन्मभर सुतारमेटावर बैलगाड्या केल्या, त्यामुळे गप्प बसवेना.

त्या गाड्या खास वगैरे नव्हत्या. फ्रेंच लोक त्यांना शारेत म्हणत, म्हणजे माल वाहायची साधी दोन चाकी गाडी. इंग्रजांनी त्यांना टम्ब्रिल म्हटलं, आणि टम्ब्रिल म्हणजे तर शेणखत, माती, दगड वाहून मागच्या मागे ओतायची गाडी. राजा सोळावा लुई 21 जानेवारी 1793 ला गिलोटिनकडे बंद घोडागाडीतून गेला. राणी मारी आंत्वानेतला त्याच वर्षी 16 ऑक्टोबरला हात मागे बांधून उघड्या गाडीत बसवलं. दाविद नावाच्या चित्रकारानं वाटेतच तिचं रेखाचित्र काढलं, ते आजही बघायला मिळतं. राजाला बंद बग्गी आणि राणीला मालाची गाडी, यातला फरक रस्त्यावर उभ्या पॅरिसकरांना कुणी समजावून सांगावा लागला नसेल.

माझा जीव मात्र त्या ओतण्याच्या सोयीत अडकला आहे. आपल्या बैलगाडीत धुऱ्या (बैलांकडं जाणारे लांब दांडे), साटा (माल ठेवायची चौकट) आणि आस (दोन चाकांमधला कणा) यांचा एकच जोडलेला सांगाडा असतो. साट्याला तट्ट्या, म्हणजे बांबूच्या चटया, बांधून उकिरड्यावरचं खत भरायचं, रानात न्यायचं, आणि मग बैल सोडून धुऱ्या आभाळाकडे केल्या तरच गाडी मागं कलते. दर ढिगाला बैल कोण सोडणार? म्हणून माणूस वर चढतो आणि खोऱ्यानं ओढतो. टम्ब्रिलमध्ये पेटी वेगळी असते. धुऱ्या घोड्याच्या अंगाला तशाच राहतात, पुढची खीळ काढली की फक्त पेटी आसावर मागं कलते आणि माल खाली. घोडा जागचा हलत नाही.

हे सोपं वाटतं, पण सगळा खेळ आस कुठं ठेवायचा यात आहे. भार आसाच्या मागं गेला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागं कलते. वाघबिळाच्या चढाला भरलेली गाडी उलाळ झाली तर जू वर उचललं जातं आणि जुपण्या, म्हणजे जुवाला बांधलेले गळ्याखालचे पट्टे, बैलाच्या गळ्याला आवळतात. शहाणा गाडीवान चढाला पुढं सरकून बसतो तो यासाठीच. भार फार पुढं आला तर धुरी जड होते आणि खांदे सुजतात. वडील नवीन गाडीच्या धुऱ्या एका हातानं उचलून बघायचे. हाताला किती वजन लागतं यावरून ते सांगायचे, आस बोटभर मागं घे की पुढं. चाकावरची लोखंडी धाव तापवून बसवायच्या आधी हा तंटा मिटलेला असायचा.

आता मूळ मुद्दा. उलटणारी पेटी आज आपल्याकडं सगळीकडं आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला हायड्रोलिक जॅक आला, कचऱ्याच्या टिपरला आला. साखर कारखान्यावर गाडीतला ऊस क्रेन एकदम उचलते आणि गव्हाणीत टाकते. पण आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीपासून कळंब्यापर्यंत कुठल्याही लहान बांधकामावर बघा, बायका डोक्यावर चुंबळ ठेवून घमेल्यानं वाळू वाहतात. एक घनफूट वाळू सुमारे 45 किलो भरते, ओली असली तर आणखी. इंजिनाला जे सुख दिलं ते माणसाच्या मानेला द्यायला आपण विसरलो, असं मला स्पष्ट म्हणायचं आहे.

एकचाकी ढकलगाडी मिळते, मला माहीत आहे. ती खडबडीत जमिनीवर डुलते आणि बरंचसं वजन हातावर येतं. दोन चाकांवर चार घनफुटांची पेटी ठेवली तर 180 किलोचा भार चाकं घेतात, ढकलणाऱ्याला फक्त तोल सांभाळायचा. पेटीचा आस वजनाच्या मध्यापासून किंचित ओतायच्या बाजूला हवा. म्हणजे भरलेली पेटी आपल्या वजनानं खिळीवर बसते, आणि खीळ काढून मागून जरा उचललं की ओतते. आस उलट बाजूला गेला तर ती उतारावर आपोआप ओतेल आणि कुणाच्या तरी पायावर. अँगल, पत्रा आणि भंगारातली मोटारसायकलची चाकं एवढ्यात हे काम होतं. जिन्यावर ही गाडी चालणार नाही हे कबूल, पण रस्त्याकडेच्या ढिगापासून मिक्सरपर्यंतचा फेरा तरी डोक्यावरून उतरेल.

इथल्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत ज्यांनी इंजिनं ओतली त्यांना ही पेटी म्हणजे एका दुपारचं काम. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या मुलांनीही शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला हे घ्यावं. रोबोट नंतर करता येईल. ठेकेदारांनी पहिली गाडी बायकांच्या हातात देऊन आठवडाभर वापरू द्यावी आणि दांड्याची उंची त्यांनाच विचारून ठरवावी, साहेबाच्या कमरेच्या मापानं नव्हे. कुणा वर्कशॉपवाल्याला आस कुठं ठेवायचा ते बघायचं असेल, तर मी खडू घेऊन येतो, फरशीवर काढून दाखवतो.

आपला,
एक निवृत्त गाडी-सुतार
मंगळवार पेठ, कोल्हापूर