ऐंशीव्या मिनिटानंतरचे गोल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३० नोव्हेंबर २०२५ रोजी अहमदाबादेत भारताच्या १७ वर्षांखालील फुटबॉल संघाने आधी गोल खाऊनही इराणला २-१ असे हरवले आणि आशियाई चषकाची पात्रता मिळवली. त्यानंतर जे काही छापून आले, त्यात युवा फुटबॉलचा इतिहास बहुतेक ठिकाणी २०१७ च्या विश्वचषकापासून सुरू होतो. तो त्याच्या कितीतरी मागे जातो, आणि मागचा भाग ठाऊक असल्याशिवाय आजच्या संघाचे बरेवाईट कळत नाही.

१९७४ साली बँकॉकला झालेल्या आशियाई युवक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २-२ असे बरोबरीत सुटले आणि दोघांना संयुक्त विजेते ठरवण्यात आले. १९७३ ते १९७६ अशी सलग चार वर्षे त्या करंडकावर इराणचे नाव आहे, म्हणजे प्रतिस्पर्धी कुठल्या दर्जाचा होता हे ध्यानात येईल. भारताचा कर्णधार होता हैदराबादचा शब्बीर अली. मराठवाड्याच्या वाचकांनी या नावापाशी जरा थांबावे. आपण ज्या हैदराबाद राज्यात होतो, त्याच्या राजधानीच्या पोलीस संघाने प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. नांदेडहून हैदराबाद आजही पुण्यापेक्षा जवळ आहे. तिथला खेळ गोदावरीच्या या अंगाला का रुजला नाही, यावर कधी तरी कुणी अभ्यासून लिहावे.

१९७४ नंतर त्या, म्हणजे १९-२० वर्षांखालील वयोगटात भारताच्या हाती फारसे काही लागले नाही. २००६ मध्ये कोलकाता आणि बंगळूर येथे आपण यजमान होतो, म्हणून खेळलो. त्यानंतर या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेच्या मुख्य फेरीत भारत दिसलेला नाही. १६-१७ वर्षांखालील संघाची गोष्ट निराळी. तो २००२ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता, २०१८ मध्ये मलेशियात पुन्हा पोचला. बिबियानो फर्नांडिस यांच्या त्या संघाने व्हिएतनामला १-० हरवले, इराण आणि इंडोनेशियाशी ०-० बरोबरी केली आणि उपांत्यपूर्व सामन्यात दक्षिण कोरियाकडून ६७व्या मिनिटाच्या एकमेव गोलाने हार पत्करली. चार सामन्यांत एक गोल खाल्ला, पण केलाही एकच, तोही विक्रम प्रताप सिंगच्या पेनल्टीवर. बचाव शिबिरात बसवून घेता येतो. गोलासमोर कुठे उभे राहायचे आणि चेंडू कधी सोडायचा, हे मात्र सामन्यांवर सामने खेळूनच अंगात मुरते.

तेव्हा विश्वचषकासाठी उपांत्य फेरी गाठावी लागे. आता १७ वर्षांखालील विश्वचषक २०२५ पासून दरवर्षी, ४८ संघांचा आणि २०२९ पर्यंत कतारमध्ये होतो आहे. २०२५ मध्ये आशियातून यजमान कतारशिवाय उपांत्यपूर्व फेरीतले आठ संघ गेले. म्हणजे २०१८ च्या मुलांनी जी पायरी गाठली होती, ती २०२५ च्या हिशेबाने विश्वचषकाला पुरली असती. २०२९ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २०१२ किंवा त्यानंतर जन्मलेली मुले लागतील, आणि ती आत्ताच सातवी-आठवीच्या वर्गात बसलेली आहेत.

आता २०१७. यजमान म्हणून थेट प्रवेश, दोन वर्षांहून अधिक काळ शिबिरे, परदेश दौरे, असे सगळे त्या संघाला मिळाले. स्पर्धेला सात-आठ महिने उरले असताना जर्मन प्रशिक्षक निकोलाय अ‍ॅडम जाऊन पोर्तुगालचे लुईस नॉर्टन डी मॅटोस आले. निकाल असे लागले: अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२, घानाकडून ०-४. कोलंबियाविरुद्ध संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जॅक्सन सिंगने ८२व्या मिनिटाला हेडरने केलेला गोल हा फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातला भारताचा पहिला गोल, हे सर्वांना पाठ आहे. पण खाल्लेल्या नऊ गोलांचे मिनिट एकदा मांडून पाहावेत. अमेरिकेचा तिसरा गोल ८४व्या मिनिटाला. कोलंबियाचा दुसरा ८३व्या मिनिटाला, म्हणजे आपला जल्लोष ओसरण्याआधीच. घानाचे शेवटचे दोन ८६व्या आणि ८७व्या मिनिटाला. नऊपैकी चार गोल ऐंशीव्या मिनिटानंतरचे आहेत.

याला नुसता दम कमी पडला म्हणणे अपुरे आहे. ६, ९ आणि १२ ऑक्टोबर असे सात दिवसांत तीन सामने झाले, पाय जड झाले, हे खरे. पण थकलेला खेळाडू आधी चुकतो तो जागेत. मागची फळी चार-पाच मीटर खोल जाते, मधली फळी तिच्यासोबत मागे येत नाही आणि दोन्हींमध्ये पट्टा उघडा पडतो. बरोबरीचा गोल झाल्यावर पहिल्या मिनिटात काय करायचे? चेंडू बाहेर घालवायचा, वेळ काढायचा, आपापला माणूस धरायचा. हे फळ्यावर सांगून होत नाही. अशा शेवटच्या दहा मिनिटांतून मुलगा पंधराव्या वर्षापर्यंत अनेकदा गेलेला असावा लागतो. त्याच संघाला तयारीच्या काळात पंजाबच्या मिनर्व्हा अकादमीच्या मुलांनी सरावसामन्यात हरवले, आणि जॅक्सन आणि अन्वर अली हे दोघेही त्याच अकादमीतून संघात आले. परदेश दौरे केलेल्या संघाला अकादमीची मुले हरवतात, यातून काय ते समजावे.

तरीही तो संघ वाया गेला असे म्हणू नये. जॅक्सन, अन्वर अली, सुरेश सिंग, रहीम अली, कर्णधार अमरजित सिंग हे पाचही जण पुढे भारताच्या मुख्य संघाकडून खेळले. २०१८ मध्ये २० वर्षांखालील संघाने स्पेनमधील कोटिफ स्पर्धेत अर्जेंटिनाला २-१ हरवले, तेही दहा जणांनिशी. सामन्यातून बाहेर काढला गेलेला खेळाडू होता कोल्हापूरचा अनिकेत जाधव, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला आणि २०१७ च्या संघातलाही. कोल्हापूरच्या पोराला आपल्यापेक्षा वेगळे पाय नसतात. पण शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या तालमींचे लीग सामने महिनोन्‌महिने चालतात आणि ते बघत, खेळत तो मोठा होतो.

मुलींचे चित्र अधिक कठोर आहे. २०२२ चा १७ वर्षांखालील महिला विश्वचषक भारतात झाला. आपला संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५ हरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये फिफाने आपल्या महासंघाला निलंबित केले होते. ऐन तयारीत तो घोळ! मात्र २०२५ मध्ये १७ आणि २० वर्षांखालील दोन्ही मुलींचे संघ आशियाई स्पर्धेला पात्र ठरले, आणि ती पात्रता त्यांनी मैदानावर मिळवलेली आहे.

मराठवाड्यात बोलायचे ते सामन्यांच्या संख्येबद्दल. शालेय आणि सुब्रतो मुखर्जी चषकाच्या जिल्हा फेऱ्या बाद पद्धतीच्या असतात. सोळा शाळा आल्या तर एकूण पंधरा सामने होतात आणि आठ शाळांचे वर्ष एका सामन्यात संपते. दिवसभरात सगळे उरकायचे म्हणून डाव बहुधा आखूड केले जातात. ऐंशीवे मिनिट तिथे येतच नाही. त्याच सोळा संघांचे चार गट केले तर गटसामने २४, दोन उपांत्य आणि अंतिम मिळून २७. बारा सामने वाढतात, पण प्रत्येकाला किमान तीन मिळतात.

त्याहून बरे म्हणजे तालुक्याला १२ वर्षांखालील सात-सात जणांची साखळी. आठ शाळा घ्या. एका फेरीत २८ सामने, प्रत्येक संघाला सात, दर रविवारी चार. शेजारी-शेजारी दोन मैदाने आखली आणि २५ मिनिटांचे दोन डाव ठेवले, तर सकाळचे अडीच तास पुरतात. दिवाळीनंतर सुरू करून परतीची फेरीही घेतली तर फेब्रुवारी संपेपर्यंत प्रत्येक मुलाचे चौदा सामने होतात आणि एप्रिलच्या उन्हाआधी मोसम आटोपतो. मैदान सुमारे ५५ बाय ३७ मीटर, गोलपोस्ट १२ बाय ६ फूट, चेंडू ४ नंबरचा, वजन ३५० ते ३९० ग्रॅम. शाळांतून लहान मुलांना सर्रास ५ नंबरचा चेंडू दिला जातो. तो ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो, त्यामुळे मुले पायाच्या बोटाने ढकलायला शिकतात आणि हेडरला घाबरतात. पंक्चरच्या दुकानात हवा भरताना तो दगडासारखा टणक होतो, तो भाग वेगळाच. हातपंप ठेवावा आणि निडल ओली करूनच घालावी, नाहीतर व्हॉल्व्ह आत जातो.

मैदानाचे दुखणे काळ्या मातीचे. पावसात बुटाला ढेकळे चिकटतात, उन्हाळ्यात भेगांत घोटा मुरगळतो. म्हणून मुरूम टाकतात, पण चूक तिथेच होते: भेगाळलेल्या मातीवर थेट टाकलेला मुरूम पहिल्या दोन पावसांत भेगांत उतरतो. आधी वरची वीतभर माती काढावी, तळ पाणी मारून रोलरने दाबावा, मगच मुरूम टाकावा. ५५ बाय ३७ मीटरवर दाबून १५ सेंटिमीटर थर बसवायचा तर सुमारे १०८ ब्रास होतात. रोलरखाली बसकण येते, म्हणून १३०-१३५ ब्रास धरावेत. मधोमध उंची आणि दोन्ही कडांना १५ ते १८ सेंटिमीटर उतार, कडेला चर. वरचे तीन-चार सेंटिमीटर चाळलेला बारीक मुरूमच हवा, गोटे राहिले की गुडघे फुटतात. अशा मैदानावर बारा वर्षांखालील मुलांना घसरून टॅकल करू देऊ नये.

शेवटी वयाचे. आपल्याकडे शाळेत नाव घालताना १ जून ही तारीख सरसकट लिहिली जायची. युवा फुटबॉलचे वय १ जानेवारीपासून मोजतात. जन्मनोंद २१ दिवसांत मोफत होते, वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि पुढे प्रत्येक निवडीत त्या दाखल्याकडे संशयाने पाहिले जाते. जाणूनबुजून वय चोरणाऱ्यांची गोष्ट निराळी. १७ वर्षांखालील मुलांच्या मनगटाचा एमआरआय काढतात. कोपराकडून मनगटाकडे येणाऱ्या, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाची वाढपट्टी, म्हणजे जिथून हाड वाढते तो भाग, किती जुळली, याच्या सहा श्रेणी आहेत. सहावी, म्हणजे पूर्ण जुळलेली, निघाली की मुलगा बाद. जिल्ह्याचा करंडक मिळावा म्हणून चौदाच्या संघात सोळाचा घातला, तर तो शिबिराच्या दारातून परत येतो, आणि त्याच्यामुळे बाकावर बसलेला खरा चौदाचा मुलगा तोवर खेळ सोडून गेलेला असतो. डिसेंबरात जन्मलेला, बारीक चणीचा मुलगा तर दोनदा मागे पडतो: एकदा वय चोरणाऱ्यामुळे आणि एकदा आपल्याच गटातल्या, जवळजवळ वर्षाने मोठ्या जानेवारीच्या मुलांमुळे. निवडीच्या वेळी प्रशिक्षकांनी मुलाची उंची पाहण्याआधी जन्ममहिना पाहावा.

आपल्या जिल्हा आवृत्तीला एक विनंती. शालेय फुटबॉलचा निकाल छापताना गोल कितव्या मिनिटाला झाले, सामना किती मिनिटांचा होता आणि हरलेल्या संघाचा तो मोसमातला कितवा सामना होता, एवढे तीन आकडे द्यावेत. सामन्याच्या पंचांकडे ही नोंद असते, मागितली की मिळते.

आपले,
काही क्रीडाशिक्षक व फुटबॉल प्रशिक्षक,
परभणी जिल्हा